अर्थ सांगणारा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले ती याच वाचनालयात, वडिलांचे बोट धरून. वडिलांना पुस्तक नको होते, पोथी हवी होती. गुरुजींनी कपाटाच्या वरच्या खणातून लाल फडक्यात बांधलेला श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ काढला, वहीत नोंद केली आणि विचारले, “वाचणार कोण?” वडिलांनी एकाचे नाव सांगितले. गुरुजींनी पुढे विचारले, “आणि अर्थ कोण सांगणार?” तो प्रश्न मला तेव्हा कळला नव्हता. आज मला जे सांगायचे आहे, ते सगळे त्या प्रश्नाभोवतीच फिरते.

संयोजकांनी विषय दिला आहे: कठीण काळात गोष्टी, संस्कृती आणि समाज माणसांना कसे सांधून ठेवतात. विषय मोठा आहे. मी त्यातल्या एका कोपऱ्यावर बोलणार आहे, कारण तो मी पाहिला आहे. तो कोपरा म्हणजे लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी, म्हणजेच आपले गिरणगाव, आणि 18 जानेवारी 1982 या दिवशी सुरू झालेला गिरणी संप. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले. तो संप मागे घेतल्याचे कोणी कधी अधिकृतपणे जाहीर केले नाही, त्यामुळे तो संपला कधी हे आमच्या घरात प्रत्येकजण वेगवेगळे सांगत असे. मी तेव्हा पाचवीत होते. वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर, आईची खानावळ.

ज्यांनी ते गिरणगाव पाहिले नाही अशी तरुण मंडळी इथे बसली आहेत, म्हणून थोडे मागे जाते. मुंबईत कावसजी दावरांची पहिली कापड गिरणी 1856 साली सुरू झाली आणि तेव्हापासून रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्ग, म्हणजे घाटावरून आणि कोकणातून माणसे येत राहिली. बहुतेक एकटे पुरुष. बायको, मुले, म्हातारे आईबाप गावाकडे. मुंबईत उतरणाऱ्याची पहिली जागा म्हणजे गावची बैठकीची खोली. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, भुदरगड या भागांतल्या कितीतरी गावांची अशी एकेक खोली या परिसरात होती, काहींची अजून आहे. दहा बाय बाराच्या खोलीत तीस-चाळीस माणसे. भिंतीला लागून एकावर एक ट्रंका, दोरीवर वळकट्या, एका कोपऱ्यात ग्रामदैवताचा फोटो, एका खिळ्याला वर्गणीची वही. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची जागा त्याची. माणूस मेला तर त्याला गावी पोचवायचा खर्च खोलीचा, कोणी आजारी पडला तर इस्पितळात उशाशी बसायची पाळी खोलीची. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती खलाशांची धोबी तलावाकडची ‘कूड’ याच जातीची, आणि तिथेही संध्याकाळी वेदीपुढे एकत्र प्रार्थना होत असे. वेगळा देव, वेगळी भाषा, पण खिळ्याला टांगलेली वही तीच.

कामगारांचा रविवार कसा आला हेही या गोष्टीत बसते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याची सुट्टी मागितली. मागताना रविवार हा खंडोबाचा वार आहे, आपल्या माणसांना त्या दिवशी देवाचे करायचे असते, हा आधार त्यांनी घेतला. 1890 साली ती सुट्टी मिळाली. थकलेल्या माणसाला विश्रांती हवी, हे म्हणणे मालकाच्या गळी उतरवायला सुद्धा एक जुना वार, एक जुना देव मदतीला घ्यावा लागला. पुढे 1896 साली मुंबईत प्लेग आला, लोक शहर सोडून पळू लागले, आणि लोखंडे इथेच राहून रोग्यांची सेवा करत राहिले. फेब्रुवारी 1897 मध्ये त्याच प्लेगने ते गेले. महिनाभराने पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, त्याच सेवेत, त्याच रोगाने. या दोन मृत्यूंची गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगत आले आहे.

आता खानावळीकडे येते. एकट्या पुरुषांच्या या वस्तीला जेवू घालणाऱ्या बायका म्हणजे खानावळवाल्या. महिनाभर जेवायचे आणि पगाराच्या दिवशी पैसे द्यायचे. सगळा व्यवहार शब्दावर. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, ते या बायका सावकाराच्या हातून सुटाव्यात, त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. आमच्या आईकडे तीस माणसे जेवायची. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. तिची एक लांबट वही होती. पानाच्या डोक्यावर माणसाचे नाव आणि त्याखाली गावाचे नाव, कारण एकाच नावाचे चार-चार जण असायचे. तिची शाळा चौथीपर्यंतच झाली होती; आकडे ती मराठीत, ठळक, शिशाच्या पेन्सिलीने लिहायची.

या माणसांचे करमणुकीचे प्रकार आठवून पाहा. कोकणातल्या मंडळींची डबलबारी: दोन बुवा समोरासमोर, एकाने गजर केला की दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे. शक्ती-तुऱ्याचे सामने: इकडचा शाहीर कोडे घालणार, तिकडचा ते सोडवणार, आणि रात्र सरली तरी प्रेक्षक उठणार नाहीत. पोवाडा घ्या. शाहीर पुढे उभा असतो खरा, पण मागे झिलकरी नसतील तर त्याचा श्वास पुरणार नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक काढले तेव्हा हेच केले. बंगालचा दुष्काळ अण्णा भाऊंनी पोवाड्यात आणला आणि परळच्या कामगाराने कधी न पाहिलेल्या माणसांच्या भुकेला झील दिली. यातला एकही प्रकार एकट्याने करायचा नाही. प्रत्येकात दुसऱ्यासाठी जागा मोकळी सोडलेली आहे, आणि ती भरली नाही तर प्रकार पुढेच सरकत नाही. आमच्याकडे लहान मुलाला गोष्ट सांगतानाही आजी मध्येच थांबायची आणि म्हणायची, “हुंकारा दे गं, नाहीतर गोष्ट वाट चुकंल.”

पोथीचेही असेच. एकजण ओवी वाचतो, लांब सुरात, आणि थांबतो. दुसरा तिचा अर्थ सांगतो, आपल्या बोलीत, आपले दाखले देऊन. बाकीचे हं म्हणतात. ओवी श्रीधरांची आणि ती बदलत नाही. अर्थ मात्र त्या संध्याकाळचा असतो. म्हणून गुरुजींनी विचारले होते, अर्थ कोण सांगणार.

संपाचा सहावा-सातवा महिना. चातुर्मास लागला होता. बैठकीच्या खोलीतली निम्मी माणसे गावी निघून गेली होती, उरलेली दिवसभर काम शोधत भटकायची. आईच्या खानावळीत जेवणाऱ्यांपैकी कोणाकडेही द्यायला पैसा नव्हता. तिने पाटल्या मोडल्या. कालवण पातळ झाले, मग एक वेळचे झाले. पण तिने कोणाला येऊ नको म्हटले नाही, आणि वहीत लिहिणेही थांबवले नाही. फक्त महिन्याची बेरीज मारणे सोडले.

त्या चातुर्मासात वडिलांनी पोथी लावली. दरवर्षी ती बैठकीच्या खोलीत लागायची. त्या वर्षी खोलीत दिव्याचे बिल थकले होते म्हणून आमच्या घरी लागली. वाचायला एक बापू होते, वळणदार आवाजाचे, रिंगवर काम करणारे. अर्थ सांगायला तात्या. तात्यांचे वय झाले होते, आणखी दोन वर्षांत ते सन्मानाने निवृत्त होणार होते. पुरुष पुढे बसायचे. बायका दाराशी, तांदूळ निवडत. मी आईच्या मांडीला टेकून.

त्या काळात सगळ्यात जड गोष्ट कोणती होती, तर भूक नव्हे. भुकेबद्दल माणसे बोलत होती, पुढाऱ्यांना शिव्या देत होती, सरकारला देत होती. बोलत नव्हती ती लाजेबद्दल. साचेवाला म्हणजे गिरणीतला मानाचा कारागीर. चार साचे एका वेळी चालवणारा माणूस आता दादरच्या पुलाखाली भुईमुगाच्या शेंगा विकत होता, कोणी लांब उपनगरात हमाली करत होता, कोणी एका बंगल्यात कुत्र्याला फिरवत होता. एकमेकांना रस्त्यात दिसले तर ही माणसे पलीकडच्या फुटपाथवर जायची. रात्री एका पंगतीला बसायची आणि दिवसा काय केले हे कोणी कोणाला विचारायचे नाही. माझे वडील वसईकडे एका वीटभट्टीवर जात होते हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. तेव्हा ते “युनियनच्या कामाला जातो” म्हणत.

आणि मग पोथी विराटपर्वाला आली.

पांडवांचा अज्ञातवास. धर्मराज कंक होऊन राजाशी सोंगट्या खेळतो. भीम बल्लव नावाने मुदपाकखान्यात राबतो. अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच शिकवतो. नकुल घोडे राखतो, सहदेव गाई. द्रौपदी दुसऱ्या बाईची वेणी घालते. बापूंनी ओव्या वाचल्या आणि थांबले. तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी भीमाचा अर्थ सांगायला घेतला. एवढा बलदंड माणूस, दुसऱ्याच्या चुलीपुढं बसतो, घाम पुसतो, कोणी हाक मारली तर मान खाली घालून जी म्हणतो. आणि मग, पोथीवरची नजर न काढता, तात्या म्हणाले, “मी सुदिक गेला महिना एका हाटेलात भांडी घासतोय.”

खोलीत कोणी हलले नाही. मग कोपऱ्यातून एकजण म्हणाला, “मी घोडं राखतोय. रेसकोर्सला.” दुसरा म्हणाला, “आणि मी गाई. गोरेगावच्या तबेल्यात.” तिसऱ्याने शेंगांचे सांगितले. वडिलांनी भट्टीचे सांगितले असावे. मला ते शब्द आठवत नाहीत, पण आईने तांदूळ निवडायचे थांबवून त्यांच्याकडे पाहिले हे मला आज या क्षणी दिसते आहे.

त्या रात्रीपासून त्या माणसांच्या बोलण्यात एक शब्द आला. “काय गा, अज्ञातवास कसा चाललाय?” रस्त्यात भेटल्यावर कोणी पलीकडे जाईना. शेंगावाल्याच्या टोपलीशी उभे राहून चार शेंगा खायचे आणि विचारायचे, “कंक महाराज, आज धंदा काय म्हणतोय?” ज्या कामाची लाज वाटत होती ते काम तेच राहिले, मजुरी तेवढीच राहिली. पण आता ते सांगता येत होते. सरळ शब्दांत जे तोंडाबाहेर पडत नव्हते, ते तीनशे वर्षांपूर्वीच्या एका कवीच्या पात्रांच्या तोंडून बाहेर पडले. गोष्ट धीर देते, असे आपण म्हणतो. मी जे पाहिले ते त्याच्याही आधीचे होते. धीर देण्यासाठी आधी दुसऱ्याला तुमचे दुःख कळावे लागते, आणि ते सांगायला गोष्टीने त्या माणसांना वाचा दिली.

याच पर्वात शमीच्या झाडाची गोष्ट येते. विराटनगरीत शिरण्याआधी पांडव आपली शस्त्रे फडक्यात गुंडाळून शमीच्या ढोलीत ठेवतात. ते वाचून झाल्यावर वडील उठले. साचेवाल्यापाशी एक छोटी कात्री असते आणि धागा ओढून घ्यायचा एक हूक. गिरणीत जाताना रोज खिशात असणाऱ्या त्या दोन वस्तू महिनोन्‌महिने खिळ्याला टांगलेल्या सदऱ्याच्या खिशात पडून होत्या. त्यांनी त्या काढल्या, गोडेतेलाचा हात लावला, आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधल्या आणि माळ्यावर ठेवल्या. कोणी काही विचारले नाही. विचारायचे काय, सगळ्यांनी तर ओवी ऐकली होती.

गिरणीतला दसरा हा आम्हा मुलांचा मोठा सण असायचा. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत जाता येई. साच्यांना झेंडूच्या माळा, भिंतींना पताका, आणि एरवी कान बधिर करणारे ते खाते शांत. त्या वर्षी गिरणीत जायचे नव्हतेच. दसऱ्याला वडिलांनी माळ्यावरची चिंधी खाली काढली, पाटावर कात्री आणि हूक मांडले, हळदकुंकू वाहिले, आपट्याचे पान ठेवले आणि पुन्हा बांधून वर ठेवून दिले. अज्ञातवास एक वर्षाचा असतो, मी आईला म्हटले, म्हणजे जानेवारीत संपेल. आई म्हणाली, हो.

एवढे सांगून मी थांबले तर ते फार गोड होईल आणि खोटेही होईल. त्याच चातुर्मासातली, आमच्या घरातली आणखी एक संध्याकाळ सांगायला हवी.

बैठकीची खोली गावची, असे मी मघाशी म्हटले. खरे तर ती गावातल्या एका जातीची. गिरणीतही तसेच. साच्यावरच्या धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून त्या काळी अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, येऊ देत नसत. 1928 च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे ठेवला, कारण कामगारांची एकी म्हणणाऱ्यांच्या मागण्यांमध्ये तो नव्हता. ज्यांना आमच्या भजनात जागा नव्हती त्यांनी आपले जलसे उभे केले. भीमराव कर्डकांचा जलसा गाजला, पुढे वामनदादा कर्डकांची गाणी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतून घराघरांत गेली. त्यांची झील वेगळी होती, कारण आमच्या झिलीत त्यांना कोणी उभे केले नव्हते.

आमच्या आईकडे जेवणाऱ्या तिसांमध्ये बीडीडी चाळीतले एक दादा होते. वडिलांचे मित्र. पण त्यांचे ताट वेगळे असे, मोरीजवळच्या फळीवर उपडे घातलेले. माझ्या आईचे मन मोठे होते हे मी जन्मभर सांगितले आहे, आणि ते ताटही खरे आहे. संपात एकेक करून भांडी मोडीत गेली, ताटे अपुरी पडली, आणि ते वेगळे ताट कधीतरी सगळ्या ताटांत मिसळून गेले. त्यावर कोणी एक शब्द बोलले नाही.

एके संध्याकाळी पोथी सुरू होण्याआधी ते दादा म्हणाले, “तात्या, मागं एकदा एकलव्याचं झालं म्हनं. तवा मी नव्हतो. परत वाचा की.” बापूंनी पाने मागे उलटली आणि वाचले. एकलव्याने अंगठा कापून दिला तिथे ओवी थांबली. तात्यांनी गुरुभक्तीचा अर्थ सांगितला, नेहमीचा. दादा ऐकून घेऊन म्हणाले, “ह्यो अर्थ न्हवं.” आणि त्या दिवशी खोलीत कोणी हं म्हटले नाही. बापूंनी पोथी बांधली.

दुसऱ्या दिवशी सगळे जमल्यावर तात्यांनी बापूंना तीच ओवी पुन्हा वाचायला लावली, स्वतः जरा सरकले आणि दादांना म्हणाले, “आज अर्थ तुमी सांगा.” दादांनी सांगितला. तो शब्दशः माझ्याजवळ नाही, मी लहान होते, आणि जे आठवत नाही ते मी रचून सांगणार नाही. मला एवढेच आठवते की वडील स्वतःच्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहत होते. तुटलेला धागा सांधायला अंगठाच लागतो. त्यांच्या अंगठ्याला तिथे घट्टा पडलेला होता.

समाज माणसांना सांधतो असे आपण सहज म्हणतो. पण अर्थ सांगायच्या जागी एकच माणूस, एकाच घरचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या बसला असेल तर तो समाज खोलीतल्यांना सांधतो आणि दाराबाहेरच्यांना तोडतो. तात्या सरकले, ती वीतभर जागा मला त्या सबंध संपातली सर्वांत मोठी घटना वाटते. आणि बायका त्या दोन्ही दिवशी दाराशीच होत्या, हेही सांगायला हवे. आमच्यापैकी कोणाला अर्थ विचारला गेला नाही. द्रौपदी दुसरीची वेणी घालते त्याचा अर्थ, पाटल्या मोडून तीस माणसांना जेवू घालणाऱ्या बाईने काय सांगितला असता?

पोथीची समाप्ती झाली नाही. चौसष्ट अध्यायांची ती पोथी विराटपर्वाच्या थोडी पुढे गेली आणि बापू गावी गेले, मग तात्याही. खुणेसाठी वडिलांनी पानात सुताचा एक धागा घातला होता, पिवळसर पांढरा, कोऱ्या सुताचा. तो तिथेच राहिला. जानेवारी आला. वर्ष झाले. पांडव शमीखाली परत गेले, माझे वडील गेले नाहीत. माळ्यावरची चिंधी पुढे वीस वर्षे माळ्यावरच होती. ते एका इमारतीचे रखवालदार झाले आणि त्या कामाला त्यांनी कधी अज्ञातवास म्हटले नाही, कारण आता त्यातून बाहेर यायचे नव्हते.

मग त्या गोष्टीचा उपयोग काय झाला, असे मला एका विद्यार्थ्याने विचारले होते. संप तर हरलाच. प्रश्न रास्त आहे. गोष्टीने संप जिंकला नाही, गिरणी वाचली नाही, तात्यांची निवृत्ती त्यांना सन्मानाने मिळाली नाही. मी त्याला खानावळीच्या वहीबद्दल सांगितले. 1983 च्या सुगीनंतर एका दुपारी आमच्या दाराशी एक पोते आले. आजऱ्याकडचा घनसाळ तांदूळ. पोते उघडले आणि चाळीतल्या शेजारणी वास घेत दाराशी आल्या. बापूंनी एस.टी.ने येणाऱ्या गावकऱ्याबरोबर पाठवले होते, बरोबर चिठ्ठी: मावशी, माझे पान काढा आणि यातले वजा करा. आईने वही काढली, बापूंच्या पानावरचा ‘रुपये’ शब्द खोडला आणि ‘पायली’ लिहिले. मग नाचणी आली, कोणाकडून गूळ आला, चंदगडहून काजू आले. तीस पानांपैकी सव्वीस पाने फिटली. शेवटचे फिटायला चार वर्षे लागली. जी चार फिटली नाहीत त्यांवर आईने रेघ मारली नाही, ती तशीच ठेवली. न्यायालयात टिकेल असा एक कागद त्या व्यवहारात नव्हता. पण ज्या माणसाला तुम्ही “कंक महाराज” म्हणून हाक मारली आहे, त्याला तुमचे देणे बुडवता येत नाही, असे मला वाटते.

जयंत पवारांचे ‘अधांतर’ 1997 साली रंगभूमीवर आले. संपानंतर मोडत गेलेले एका गिरणी कामगाराचे घर त्यात आहे. मी आईला घेऊन गेले होते. अंधारात माझ्या शेजारून हळू आवाज येत होता. आधी मला वाटले ती रडते आहे. नीट ऐकले तर ती प्रत्येक वाक्यानंतर हं म्हणत होती. पोथीला म्हणतात तसे. दाराशी बसून नव्हे, पहिल्या बाल्कनीत, खुर्चीत बसून.

करोनाचा कठीण काळ आपण सगळ्यांनी काढला आहे. 2020 च्या मे महिन्यात मुंबईतला चाकरमानी गावाकडे निघाला आणि काही ठिकाणी त्याच्याच गावाने त्याला वेशीवर अडवले, शाळेत चौदा दिवस ठेवले. ज्या गावाच्या नावाने इथे खोली होती त्या गावाला त्याची भीती वाटली. त्याच वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचे शिबिर भरवले. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. मला त्या काळात जास्त जाणवले ते हे, की प्रत्येकाच्या हातातल्या फोनमध्ये गोष्टी तर अगणित होत्या, पण हुंकारा द्यायला शेजारी कोणी नव्हते.

गेल्या चातुर्मासात मी डिलाईल रोडवरच्या त्या बैठकीच्या खोलीत गेले. खोली आहे. ट्रंकांच्या जागी सॅक आहेत, दोरीवर वळकट्यांऐवजी घरपोच सामान पोचवणाऱ्या कंपन्यांचे रंगीत टी-शर्ट. खिळ्याला वही तशीच. मी लाल फडक्यातली पोथी काढली तेव्हा मुले जरा संकोचली. मग एकाने वाचायला घेतली. त्याला ओवी तोडता येत नव्हती, शब्द भलत्याच जागी फुटत होते. मी सुताच्या धाग्याच्या जागेवरून सुरू करायला सांगितले होते, पण आधीचे काय झाले ते कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून अज्ञातवास मागे जाऊन पुन्हा वाचला. भीम स्वयंपाकघरात गेला तिथे तो मुलगा थांबला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “मी नाही, तुमच्यापैकी कोणीतरी सांगा.” बराच वेळ गेला. मग दाराशी बूट काढत असलेला, नुकताच कामावरून आलेला एक पोरगा म्हणाला, “ताई, म्हणजे घरी वेगळं सांगायचं आणि इथं वेगळं करायचं, तसंच ना?”

एकाने हं म्हटले.

दर शनिवारी ते दोन अध्याय वाचतात. आता वाचणाऱ्याला ओवी तोडता येऊ लागली आहे, आणि शेजारच्या खोलीतल्या दोन मुली येऊन बसतात. त्यांतली एक अर्थ सांगते, तात्यांपेक्षा परखड. गुरुजींच्या वहीत त्या पोथीपुढे परत आल्याची नोंद नाही. आज ती इथे आणून परत करावी असे मी ठरवले होते, पण धागा अजून युद्धाच्या अलीकडे आहे. वाचनालयाने ती आणखी काही दिवस त्या खोलीत राहू द्यावी, एवढी विनंती करते आणि थांबते.